वीजबिल का वाढले? रुपयांआधी दिवस आणि युनिट मोजा

मे महिन्याचे वीजबिल हाती पडले की पुण्यातल्या सोसायट्यांच्या जिन्यांत आणि पार्किंगमध्ये एकच वाक्य ऐकू येते, ‘दर पुन्हा वाढवलेले दिसतात.’ कधीकधी ते खरेही असते. परंतु गेली काही वर्षे स्वतःच्या घराची आणि ओळखीच्या दहाबारा घरांची बिले समोर ठेवून आकडेमोड केल्यावर माझे मत असे झाले आहे की, दरवाढ हे कारण सर्वांत आधी सुचते आणि बहुतेक वेळा सर्वांत कमी लागू पडते. बिलाची रक्कम मुख्यतः तीन गोष्टींनी हलते: किती दिवसांत किती युनिट वापरली गेली, ती युनिट कोणत्या स्लॅबपर्यंत, म्हणजे दराच्या टप्प्यापर्यंत, पोहोचली आणि त्या महिन्यात युनिटला काय दर लागला. या तिन्ही गोष्टी एकाच रकमेत मिसळून आपल्यापर्यंत येतात, त्यामुळे नेमके काय वाढले हे कळत नाही. त्या सुट्या कशा करायच्या, याची पद्धत येथे क्रमाने देत आहे. त्यासाठी मागील बारा महिन्यांची बिले, एक साधा कॅल्क्युलेटर आणि अर्धा तास एवढेच लागते. जुनी बिले फाइलमध्ये नसतील तर महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर बारा अंकी ग्राहक क्रमांक टाकून ती पाहता येतात.

पहिली पायरी: रक्कम झाकून रिडिंगचा तक्ता वाचा

बिलावरील देय रक्कम मोठ्या ठशात असते आणि नजर तिथेच जाते. सुरुवातीला ती बाजूला ठेवावी. मीटर क्रमांक, चालू रिडिंग, मागील रिडिंग, गुणक अवयव (रिडिंगमधील फरकाला ज्याने गुणतात तो आकडा), युनिट, समायोजित युनिट आणि एकूण वापर असा एक आडवा तक्ता बिलावर असतो. तपासणी तिथून सुरू करावी. चालू रिडिंगमधून मागील रिडिंग वजा करून जी संख्या येते, ती ‘युनिट’ या रकान्याशी जुळली पाहिजे. घरगुती जोडणीत गुणक अवयव सहसा एक असतो, त्यामुळे तिथे वेगळा आकडा दिसल्यास लगेच विचारणा करावी. मागील रिडिंग म्हणून छापलेला आकडा हा गेल्या बिलातील चालू रिडिंगच आहे ना, हेही पाहावे.

चालू रिडिंगच्या जागी आकड्याऐवजी ‘लॉक’, ‘आरएनए’, ‘इनॲक्स’ किंवा ‘फॉल्टी’ असा शब्द छापला असेल, तर त्या महिन्यात तुमच्या मीटरचे प्रत्यक्ष वाचन झालेले नाही आणि बिल सरासरीवर काढलेले आहे, असा त्याचा अर्थ. अशा बिलाची वाढ किंवा घट तुमच्या वापराबद्दल काहीच सांगत नाही. त्याचा विचार पुढे वेगळा केला आहे.

यानंतर बिल हातात घेऊन खाली मीटरपाशी जावे आणि मीटरवर कोरलेला क्रमांक बिलावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. वीस-चोवीस मीटर एका रांगेत असलेल्या इमारतींत कधीकाळी रंगाने लिहिलेले सदनिका क्रमांक पुसट झालेले असतात, वायरिंग बदलताना जोडण्या इकडच्या तिकडे झालेल्या असतात, आणि एकाचा वापर दुसऱ्याच्या नावावर वर्षानुवर्षे जात राहिल्याची उदाहरणे आढळतात. हे तपासण्याची रीत सोपी आहे. घरातला मुख्य एमसीबी बंद करावा आणि खाली उभ्या असलेल्या माणसाला मीटरवरील लाल दिवा पाहायला सांगावे. आपलाच मीटर असेल तर तो दिवा लुकलुकायचा थांबेल. एमसीबी बंद असूनही तो लुकलुकत राहिला, तर एक तर मीटर आपला नाही किंवा मीटरपासून आपल्या घरापर्यंतच्या वायरीवर कोठेतरी दुसरा भार जोडलेला आहे. मग ते काम इलेक्ट्रिशियनचे.

दुसरी पायरी: युनिटला दिवसांनी भागा

वीजबिल दर महिन्याला येत असले तरी ते तीस दिवसांचेच असते असे नाही. सुट्ट्या, पाऊस, वाचनाचा मार्ग यांमुळे दोन वाचनांमधले अंतर कधी सत्तावीस दिवसांचे, तर कधी चौतीस दिवसांचे होते. चालू आणि मागील रिडिंगच्या तारखा बिलावर दिलेल्या असतात. त्यांमधले दिवस मोजून एकूण युनिटला भागावे. जो आकडा येईल तो तुमच्या घराचा रोजचा वापर. माझ्या अनुभवात या एका भागाकाराने निम्म्याहून अधिक तक्रारी तिथल्या तिथे निकाली निघतात.

समजा, एका घराचा रोजचा वापर नेमका चार युनिट आहे. सत्तावीस दिवसांच्या बिलात त्याची १०८ युनिट होतील, तर चौतीस दिवसांच्या बिलात १३६. घरात एक दिवाही जास्त लागलेला नाही, तरीही बिल वाढलेले दिसते, आणि पुढच्या महिन्यात आपोआप उतरतेही. अशा लांबलेल्या कालावधीच्या बिलात स्लॅबची मर्यादाही त्या प्रमाणात धरली आहे का, हे बिलावर छापलेल्या कालावधीवरून आणि आकारणीवरून पडताळून पाहावे.

बारा महिन्यांचा असा रोजचा वापर एका कागदावर ओळीने लिहून काढावा. बिलाच्या बाजूला मागील वापराचा जो आलेख छापलेला असतो, तो उपयोगी असला तरी महिन्यांची तुलना करतो, दिवसांची नव्हे. म्हणून त्यावर विसंबू नये.

तिसरी पायरी: तुलना मागच्या महिन्याशी नको, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा

पुण्याचे हवामान वर्षातून तीनदा कूस बदलते आणि घरातल्या विजेचा वापरही तसाच तीनदा बदलतो. मार्चची मेशी तुलना करणे म्हणजे स्वेटरची छत्रीशी तुलना करण्यासारखे आहे.

उन्हाळ्याचे गणित सर्वांना ढोबळमानाने ठाऊक असते, पण त्याचा आकार किती याचा अंदाज नसतो. दीड टनाचा साधा जुना एसी कॉम्प्रेसर चालू असताना दीड किलोवॉटच्या आसपास वीज घेतो. रात्री सहा तास तो लावला आणि त्यातला दोन-तृतीयांश वेळ कॉम्प्रेसर चालला, तर एका रात्रीची सहा युनिट होतात, महिन्याची १८०. ज्या घराचा इतर वापर १५० युनिट आहे, त्याचे बिल ३३० युनिटचे होते. शिवाय उन्हाळ्यात फ्रिजचा कॉम्प्रेसरही जास्त वेळ चालतो आणि पंखे चोवीस तास फिरतात. जुना पंखा साधारण ७५ वॉटचा असतो, म्हणजे तो अखंड चालला तर दिवसाला १.८ युनिट घेतो. बीएलडीसी प्रकारचा पंखा तेवढ्याच वाऱ्यासाठी तीस-पस्तीस वॉट घेतो. मेमध्ये मुलांना सुट्टी, घरात पाहुणे, दुपारी दोन खोल्यांत दोन पंखे आणि कूलर, अशी बेरीज नकळत होत जाते. दर गुरुवारी देखभालीसाठी वीज जाण्याचा पुणेरी अनुभव ज्यांच्या वाट्याला येतो, त्यांच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या वीज आल्यावर पुन्हा भरतात. त्यात काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. तो आकडा लहान असला तरी मीटर तो मोजतोच.

हिवाळ्यातील वाढ गीझरची. पंधरा लिटर पाणी २२ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६६ युनिट लागते. डिसेंबर-जानेवारीत टाकीतले पाणी १७ अंशांच्या आसपास असेल, तर तेच काम सुमारे ०.७५ युनिटचे होते. चार माणसांच्या घरात दिवसाला चार वेळा गीझर भरून तापला, तर महिन्याला सुमारे ९० युनिट फक्त आंघोळीची. पंखे बंद असल्यामुळे जेवढे वाचते, तेवढे किंवा त्याहून जास्त गीझर खाऊन टाकतो, आणि ‘थंडीत तर काहीच चालू नसते’ हे आपले ठाम मत खोटे ठरते.

पावसाळ्याची वाढ मात्र भल्याभल्यांना चकवते, मलाही तिने चकवले होते. पुण्यातल्या असंख्य इमारतींच्या गच्चीवर सौर बंब आहेत. आठ-नऊ महिने ते निमूटपणे काम करतात. जूनच्या मध्यानंतर आकाश भरून आले की पाणी कोमट होऊ लागते आणि मग टाकीत बसवलेली विजेची कॉइल, म्हणजे ‘बॅकअप’, चालू केली जाते. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैमध्ये माझ्या घराचा रोजचा वापर ४.२ युनिटवरून ७.१ युनिटवर गेला. एसी बंद, पाहुणे नाहीत, दिवस मोजून एकतीस. मीटर बिघडला असणार, असे मी घरात जाहीरही करून टाकले होते. शेवटी न्हाणीघराच्या दारामागे, टॉवेल अडकवण्याच्या खुंटीखाली, एक स्विच खाली दाबलेला सापडला. पावसाच्या पहिल्या आठवड्यात मीच तो लावला होता आणि नंतर विसरलो होतो. गच्चीवरची शंभर लिटरची टाकी मी दीड महिना दिवसरात्र गरम ठेवत होतो, आणि सकाळी त्यातल्या दोन बादल्या वापरत होतो. शंभर लिटर पाणी २३ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला ३.७ युनिट लागते, हा हिशेब मी नंतर केला; तो आधी केला असता तर मीटरवर आळ आला नसता. ज्यांच्या घरी सौर बंब आहे त्यांनी जुलैचे बिल वाढल्यास आधी हा स्विच शोधावा, आणि पावसाळ्यापुरता सकाळचा अर्धा-पाऊण तास सोडून तो बंदच ठेवावा.

गच्चीवर वीजनिर्मितीचे सौर पॅनेल असलेल्या ग्राहकांना हाच ऋतुबदल दुसऱ्या बाजूने जाणवतो. पावसाळ्यात निर्मिती घटते, त्यामुळे घरातला वापर तोच राहूनही बिलातली निव्वळ युनिट वाढतात. त्यांनी आयात (घेतलेली वीज) आणि निर्यात (परत दिलेली वीज) ही दोन्ही रिडिंग स्वतंत्रपणे तपासावीत.

मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या तुलनेत रोजचा वापर दहा टक्क्यांच्या आत असेल, तर घरात काही बिघडलेले नाही असे समजायला हरकत नाही. त्याहून जास्त वाढ असेल तर वर्षभरात घरात काय नवीन आले याची आठवण करावी. घरून काम सुरू झाले का, विजेवर चालणारी दुचाकी आली का, जुना फ्रिज गॅलरीत ‘असू दे’ म्हणून चालू ठेवला आहे का? सतत चालू असणाऱ्या लहान वस्तूही विसरू नयेत. बारा वॉटचा सेट टॉप बॉक्स टीव्ही बंद असतानाही रात्रंदिवस चालू राहिला, तर महिन्याला साडेआठ युनिटच्या वर जातो.

चौथी पायरी: स्लॅबचे गणित स्वतः मांडा

वापर थोडा वाढला आणि बिल मात्र खूप वाढले, या तक्रारीचे उत्तर स्लॅबमध्ये आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोग घरगुती ग्राहकांचे दर टप्प्यांनी ठरवतो: महिन्याला पहिली १०० युनिट, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. उदाहरणासाठी २०२४-२५ या आर्थिक वर्षाचे दर घेऊ. त्या वर्षी पहिल्या टप्प्याचा वीज आकार ४.७१ रुपये, दुसऱ्याचा १०.२९ रुपये, तिसऱ्याचा १४.५५ रुपये आणि त्यापुढचा १६.६४ रुपये होता. त्यावर प्रत्येक युनिटला १.१७ रुपये वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत वाहून आणण्याचा खर्च, होता. दोन्ही मिळून दर अनुक्रमे ५.८८, ११.४६, १५.७२ आणि १७.८१ रुपये होतात. पहिल्या टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यात जाताना युनिटची किंमत जवळजवळ दुप्पट होते.

आता दोन घरे शेजारी ठेवू. स्थिर आकार गणितापुरता १३० रुपये धरू आणि इंधन समायोजन (त्याचा अर्थ पाचव्या पायरीत) शून्य मानू. पहिल्या घराचा वापर ९५ युनिट. त्याचे ५५८.६० रुपये, अधिक १३० रुपये, म्हणजे ६८८.६० रुपये. त्यावर १६ टक्के वीज शुल्क लावले की सुमारे ७९९ रुपये होतात. दुसऱ्या घराचा वापर बरोबर दुप्पट, म्हणजे १९० युनिट. त्यातल्या पहिल्या १०० युनिटचे ५८८ रुपये आणि उरलेल्या ९० युनिटचे १,०३१.४० रुपये, स्थिर आकार आणि वीज शुल्क धरून ते बिल सुमारे २,०२९ रुपये होते. वापर दुप्पट, बिल मात्र अडीचपट.

याच ठिकाणी एक मोठा गैरसमज आहे. शंभर युनिटच्या वर एक युनिट गेले की सगळी युनिट महाग दराने लागतात, असे पुष्कळ लोक मानतात आणि महिन्याच्या अखेरीस दिवे बंद करून बसतात. तसे होत नाही. महाग दर केवळ त्या टप्प्यात पडणाऱ्या युनिटलाच लागतो. वरच्याच दरांनी शंभराऐवजी १०१ युनिट झाली, तर वीज शुल्क धरून बिल सुमारे १३.३० रुपयांनी वाढेल, त्याहून जास्त नाही.

या गणिताचा खरा उपयोग बचतीचा विचार करताना होतो. घरात वाचवलेले युनिट नेहमी सर्वांत वरच्या टप्प्यातले असते. आधी पाहिलेल्या ३३० युनिटच्या घरात एसीच्या १८० युनिटपैकी १५० दुसऱ्या टप्प्यात आणि ३० तिसऱ्या टप्प्यात पडतात. वीज शुल्कासह त्या एसीचा महिन्याचा खर्च सुमारे अडीच हजार रुपये होतो. ‘सरासरी’ दर काढून केलेला हिशेब हा खर्च बराच कमी दाखवतो. उलट, ज्या घराचा वापर मुळातच ८० युनिट आहे, त्याने महागडे पंखे घेऊन वाचवलेले प्रत्येक युनिट सात रुपयांचेही नसते. कोणते उपकरण बदलायचे हे ठरवताना हा फरक लक्षात घ्यावा.

पाचवी पायरी: बिलाच्या उरलेल्या ओळी

युनिट आणि स्लॅब समजल्यानंतर जे उरते, तेवढ्यापुरताच दराचा प्रश्न असतो. स्थिर आकार वापरावर अवलंबून नसतो. घर महिनाभर कुलूपबंद असले तरी तो लागतो, म्हणून गावी जाऊन आल्यावरही बिल शून्य येत नाही. वीज आकार आणि वहन आकार आयोगाच्या आदेशाप्रमाणे बदलतात. बदल बहुधा आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला होत असला तरी तो अध्येमध्येही झालेला आहे. म्हणून आपल्या बिलात कोणता दर लावला आहे, हे वीज आकाराच्या रकमेवरून उलट गणित करून पाहावे.

दर महिन्याला हलणारी ओळ म्हणजे इंधन समायोजन आकार. कोळशाची किंमत, वाहतूक आणि बाजारातून घेतलेल्या विजेचा खर्च आयोगाने गृहीत धरलेल्या खर्चाहून वेगळा निघाला की तो फरक या आकारातून ग्राहकांकडे येतो. उन्हाळ्यात मागणी वाढून महाग वीज विकत घ्यावी लागली, तर तिचा परिणाम नंतरच्या महिन्यांच्या बिलात दिसतो. त्यामुळे आपला वापर उतरणीला लागलेला असतानाही हा आकार चढलेला असू शकतो. तो पैशांत असल्यामुळे क्षुल्लक वाटतो. पण समजा तो युनिटला ४० पैसे असेल, तर १९० युनिटवर वीज शुल्कासह ८८ रुपये होतात.

घरगुती ग्राहकांना वीज शुल्क १६ टक्के आहे आणि ते वरच्या सर्व आकारांच्या बेरजेवर लागते, म्हणून प्रत्येक वाढ शेवटी आणखी थोडी फुगते. एकदा ‘दर संकेत’ किंवा ‘वीज दर’ या शीर्षकाखाली निवासी वर्गवारीच छापली आहे ना, हे पाहून ठेवावे. घरातच दुकान किंवा कार्यालय असलेल्यांच्या बाबतीत ती बदललेली असू शकते.

टीओडी (‘टाइम ऑफ डे’, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणारा) मीटर बसवलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर प्रतियुनिट सवलत मिळते. अशा घरांनी धुलाई यंत्र, इस्त्री, दुचाकीचे चार्जिंग ही कामे दिवसा उरकावीत.

शेवटी थकबाकी, व्याज आणि समायोजित रक्कम या ओळी पाहाव्यात. मागचे बिल मुदतीनंतर भरले असेल तर विलंब आकार १.२५ टक्के लागतो. उलट, बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरणा केल्यास तत्पर भरणा सवलत मिळते, आणि ती न घेणे हा निव्वळ आळस आहे.

एप्रिल-मेच्या सुमारास काही ग्राहकांना एक वेगळेच बिल येते आणि ते पाहून घाबरगुंडी उडते. ते अतिरिक्त सुरक्षा ठेवीचे बिल असते. वीजपुरवठा संहितेच्या २०२१ च्या विनियमांनुसार मासिक बिल असलेल्या ग्राहकाची ठेव सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट असावी लागते. वर्षभरात सरासरी वाढली की फरकाची मागणी केली जाते. हा खर्च नव्हे. ही रक्कम आपल्याच नावावर जमा राहते, तिच्यावर व्याज मिळते आणि ते वर्षातून एकदा बिलात वजा होऊन दिसते. ती हप्त्यांनी भरण्याची मुभाही मागता येते.

सहावी पायरी: सरासरी बिलानंतरचे मोठे बिल

कुलूपबंद घर, बंद पार्किंग किंवा मीटरच्या खोलीची हरवलेली किल्ली यांमुळे एखाद्या महिन्यात रिडिंग झाले नाही, तर सरासरीचे बिल येते आणि पुढच्या प्रत्यक्ष रिडिंगला फरक एकदम अंगावर पडतो. २०२० च्या टाळेबंदीत मीटर वाचन थांबल्यानंतर जूनमध्ये आलेल्या बिलांनी राज्यभर जो गदारोळ झाला, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट होती. तीन महिन्यांचा वापर एका बिलात आला होता.

अशा वेळी पाहायची गोष्ट एकच, की स्लॅबचा लाभ महिन्यांनुसार दिला आहे का. समजा एप्रिलमध्ये मीटर लॉक दाखवून ११० युनिटचे सरासरी बिल आले, प्रत्यक्षात एप्रिलचा वापर १५० आणि मेचा १६० युनिट होता. मेच्या रिडिंगला दोन महिन्यांची ३१० युनिट दिसतील. त्यांतली २०० युनिट पहिल्या दराने आणि ११० दुसऱ्या दराने लागून २,४३६.६० रुपये झाले पाहिजेत, आणि एप्रिलमध्ये भरलेली रक्कम त्यातून वजा झाली पाहिजे. तीच ३१० युनिट एका महिन्याची धरली, तर ३,०३७.२० रुपये होतात. वीज शुल्कासह हा फरक जवळजवळ सातशे रुपयांचा आहे. तो चुकून लागला असेल तर परत मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, मात्र मागताना वरच्यासारखा हिशेब लिहून द्यावा. ‘बिल फार आले’ एवढ्याच अर्जावर कोणीही काही करू शकत नाही.

घर बंद राहणार असेल तर ॲपवरून मीटरच्या छायाचित्रासह स्वतः रिडिंग पाठवण्याची सोय आहे. त्यासाठी ठरावीक मुदत असते आणि तिचा संदेश नोंदणीकृत मोबाइलवर येतो, म्हणून बिलावर आपलाच चालू क्रमांक असणे आवश्यक आहे.

सातवी पायरी: मीटरवर संशय असेल तर

वरचे सर्व करूनही रोजच्या वापराची वाढ समजत नसेल, तेव्हाच मीटरकडे वळावे. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या दर्शनी पट्टीवर, बारीक अक्षरांत, एका युनिटला लाल दिवा किती वेळा लुकलुकतो ते छापलेले असते. समजा तिथे ३२०० हा आकडा आहे. घरातील सर्व काही बंद करावे, फ्रिज आणि वायफायही, आणि केवळ एक हजार वॉटचा पाणी तापवण्याचा रॉड बादलीत सोडून चालू करावा. इस्त्री किंवा गीझर या चाचणीसाठी नको, कारण ते मध्येच आपोआप बंद होतात. रॉड चालू असेपर्यंत बादलीजवळ कोणी जाऊ नये. खाली मीटरपाशी उभ्या माणसाने मोबाइलमधील घड्याळ लावून पन्नास लुकलुकणी मोजावीत. त्याला सुमारे ५६ सेकंद लागायला हवेत. विजेचा दाब कमी असेल तर रॉड छापलेल्यापेक्षा कमी वीज घेतो, त्यामुळे पाच-सहा सेकंद इकडेतिकडे चालतात. पन्नास लुकलुकणी चाळीस सेकंदांतच झाली, तर मीटर तपासणीचा अर्ज करण्याइतके कारण तुमच्या हाती आहे. तपासणीचे शुल्क असते आणि मीटर प्रयोगशाळेत तपासला जातो. मी ही चाचणी चार-पाच घरांत केली आहे, आणि एकदाही मीटर दोषी निघालेला नाही. एका घरात मात्र दिवा सर्व बंद असतानाही लुकलुकत होता, आणि माळ्यावरच्या जुन्या वायरीतली गळती त्यामुळे सापडली.

आठवी पायरी: तक्रार कोठे आणि कशी

प्रथम आपल्या भागातील उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. १९१२ या क्रमांकावर, ॲपवर किंवा संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते, पण मग तिचा नोंदणी क्रमांक लिहून ठेवावा. अर्जाला बारा महिन्यांच्या रोजच्या वापराचा कागद आणि मीटरचे ताजे छायाचित्र जोडावे. तेथे समाधान न झाल्यास पुणे परिमंडळाच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येते. मंचाचा आदेश मान्य नसेल तर साठ दिवसांत मुंबईच्या विद्युत लोकपालांकडे दाद मागता येते. या दोन्ही ठिकाणी वकील असलाच पाहिजे असे नाही.

वाद चालू असताना बिल न भरता बसणे मात्र धोक्याचे आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे पुरवठा तोडण्यापूर्वी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तसेच ग्राहकाने वीज कंपनीने मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती ‘निषेध नोंदवून’ भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. भरणा करताना तसे पत्र द्यावे आणि त्याचीही पोच घ्यावी.

नोंदवहीची सवय

पुढच्या महिन्यापासून आणखी एक काम जोडावे. बिलावर रिडिंगची जी तारीख छापलेली असते, तिच्यानंतर पंधराव्या दिवशी मीटरचे छायाचित्र काढावे. मीटरचा पडदा तारीख, वेळ, दाब असे आकडे आळीपाळीने दाखवतो, त्यामुळे ‘केडब्ल्यूएच’ (किलोवॉट-तास, म्हणजेच युनिट) ही अक्षरे दिसेपर्यंत थांबावे आणि दशांश चिन्हानंतरचे अंक सोडून द्यावेत. बिलातील चालू रिडिंग त्यातून वजा केले की अर्ध्या महिन्याचा वापर कळतो. तो मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या निम्म्याहून बराच जास्त असेल, तर न्हाणीघराच्या दारामागचा स्विच तपासायला अजून पंधरा दिवस हाताशी असतात.